कुकर लावण्यापूर्वी

आमच्या रस्त्यावरचे नगरचे काका मेल्यावर सरळ स्वर्गात जाणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मला काळजी वाटते ती स्वर्गाची. तिथे दारापाशी रांग असणारच, रांगेत कुणीतरी मध्ये घुसणारच आणि काका ते खपवून घेणार नाहीत. काका नगरकडच्या एका मिशन शाळेत जन्मभर पीटीचे मास्तर होते. बायको गेल्यावर ते नर्स असलेल्या लेकीकडे, सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये, आमच्या शेजारी राहायला आले. सामानात बायबल, भजनांचं पुस्तक आणि शाळेतली पितळी शिट्टी. विमानतळावर खिशात एक लवंग सापडली, इथे खायचं काहीही आणलं तर सांगावं लागतं म्हणून ती त्यांनी आपणहून अधिकाऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याच्याकडे पावती मागितली.

नीतिमत्त्व आणि न्याय यांची वाट पाहणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. काका न्यायाच्या मागे शिट्टी घेऊन धावायचे. पार्कात घसरगुंडीवर धटिंगण पोरगं पुढे घुसलं की शिट्टी. सुपरमार्केटची ट्रॉली कुणी फुटपाथवर सोडून गेलं की शिट्टी. चर्चच्या जेवणात ते बिर्याणीच्या भांड्यापाशी उभे राहत आणि मटणाचे तुकडे अशा समदृष्टीने वाढत की पाद्रीसाहेबांच्या ताटात एखादेवेळी नुसतं हाडूक यायचं. आमच्या मंडळाच्या गणपतीतही प्रसाद वाटायला काकाच लागत, कारण बाकी कुणावर कुणाचा भरवसा नव्हता. एका वर्षी अध्यक्ष दुसऱ्या मोदकासाठी आले, तर काकांनी त्यांना रांगेच्या शेवटी पाठवलं. रांग संपेपर्यंत मोदकही संपले. अध्यक्षांनी वर्गणीचा विषय काढला तेव्हा काका म्हणाले, "देवासमोर उभे आहात, निदान कुणाच्या तरी देवासमोर उभे आहात याचं भान ठेवा."

पण काकांचा सगळ्यात कडक नियम स्वतःसाठी होता. आपल्याकडून कुणावर अन्याय झाला तर सूर्य मावळायच्या आत त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. त्यामुळे हिवाळ्यात त्यांची फार धावपळ व्हायची, कारण इथे पाचलाच सूर्य बुडतो. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात ती सरकारने पापी माणसांसाठी केलेली सोय आहे असं ते मनापासून मानत. जावयाला 'आळशी' म्हटल्याबद्दल ते एकदा ट्रेनने त्याच्या ऑफिसात गेले होते. जावई मीटिंगमध्ये होता. काकांनी मीटिंगमध्ये माफी मागितली. तोपर्यंत जावई आळशी आहे हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं.

अशा माणसाच्या हातून एकदा खराखुरा अन्याय झाला. आमच्या समोर रेज नावाचा म्हातारा राहतो. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरा. कानातलं यंत्र तो टीव्हीवर फुटी, म्हणजे इथला फुटबॉल, असला किंवा दारात कुणी आलं तरच लावतो. त्याची बायको गेली, मागे तिचा कुत्रा राहिला, बिस्किट. हा बिस्किट रोज संध्याकाळी आभाळाकडे तोंड करून असा काही गळा काढायचा की मुडदे उठावेत. काकांच्या लेकीला नाइट शिफ्ट, तिची झोपायची वेळ नेमकी तीच. काका शंकरपाळ्यांची बशी घेऊन रेजकडे बोलायला गेले. रेज म्हणाला, माझा बिस्किट कधी भुंकतच नाही. या वयाचा माणूस तोंडावर खोटं बोलतो याचं काकांना रागापेक्षा दुःख जास्त झालं. त्यांनी काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार केली. पाठीमागून तक्रार करणं अनीतीचं, म्हणून तिची एक प्रत आधी रेजच्या हातात दिली आणि रिकामी बशी परत आणली.

रेज भांडला नाही, हेच वाईट झालं. त्याने वॉलॉंगॉंगच्या पुतणीला फोन केला आणि शनिवारी कुत्रा तिच्याकडे नेऊन सोडायचं ठरवलं. मी कचऱ्याचा बिन बाहेर काढत होतो तेव्हा तो मला म्हणाला, "शेजाऱ्यांशी ट्रबल नको, माइट. ही'ज ऑल आय'व्ह गॉट, बट." 'माइट' म्हणजे मित्रा, आणि हे शेवटचं 'बट' इथली जुनी माणसं वाक्याच्या शेपटीला लावतात, त्याचा फारसा अर्थ नसतो. त्या दिवशी मला तो लागला. त्या घरात बिस्किटशिवाय दुसरं श्वास घेणारं कुणी नव्हतं.

शनिवारी दुपार उतरता उतरता पार्कात कुणीतरी पोरगं घसरगुंडीवर मध्ये घुसलं आणि काकांनी शिट्टी फुंकली. त्याबरोबर रेजच्या अंगणातून बिस्किटने गळा काढला. काकांनी पुन्हा फुंकली, पुन्हा तेच. मग काका शिट्टी तोंडात तशीच धरून उभे राहिले, आणि मग धावत सुटले. आमच्या दारात येऊन त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे कुकर किती वाजता लागतो?"

मी म्हटलं, सहाच्या सुमारास. आमच्याकडे सहाला, त्यांच्या लेकीकडे सहाला, पलीकडच्या देशपांड्यांकडे सहाला आणि कोपऱ्यावरच्या पंजाब्याकडे राजमा म्हणून साडेपाचलाच. काकांचा चेहरा उतरला. "कुत्रा भुंकत नाही रे," ते म्हणाले, "तो आपल्या डाळीला ओ देतो."

समोर रेज बिस्किटची गादी गाडीत ठेवत होता. नुसत्या संशयावर न्याय होत नाही, असं म्हणून काकांनी माझा बार्बेक्यू पुढच्या लॉनवर ओढला, बायकोकडून डाळ घातलेला कुकर मागून घेतला आणि त्या बार्बेक्यूवर चढवला. रेजला हाताने खुणावून यंत्र कानात घालायला लावलं. देशपांडे कुटुंब बाहेर आलं, पंजाबी आला, लेक झोपेतून उठून आली. सगळा रस्ता एका कुकरकडे बघत उभा, आणि काका मात्र सूर्याकडे. घरांच्या कौलांवर ऊन जेमतेम बोटभर उरलं होतं. बार्बेक्यूवर कुकर चढवला की तो किती वेळ घेतो हे कुणी करून पाहिलेलं नसतं. वहिनींनी डाळ भिजवली होती का, असं देशपांड्यांनी हळूच विचारलं. काका डोळे मिटून प्रार्थना करत होते. शिट्टीसाठी प्रार्थना करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि शिट्टी झाली. बिस्किटने मान वर केली आणि आळवून आळवून गळा काढला. रेज खाली वाकला, त्याने कुत्र्याच्या छातीवर हात ठेवला आणि तो सूर संपेपर्यंत हात तसाच ठेवला. मग म्हणाला, "वेल. गुड लंग्स."

काका रस्ता ओलांडून गेले आणि पीटीच्या मास्तरासारखे ताठ उभे राहिले. "मिस्टर रेज, युअर डॉग इज इनोसंट. वी आर द गिल्टी पार्टी. मी तुम्हाला लायर समजलो. फर्गिव्ह मी."

"नो वरीज, माइट."

काकांना हे पुरेना. 'नो वरीज' इथे चहा सांडला तरी म्हणतात. "यस ऑर नो?" त्यांनी विचारलं. कौलांवरचं ऊन गेलं होतं, फक्त निलगिरीच्या शेंड्यावर थोडं होतं. रेजने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"येस," तो म्हणाला. "येस, आय डू." काकांनी तिथेच रस्त्यावर त्याला मिठी मारली, आणि रेजने बिस्किटची गादी गाडीतून परत घरात नेली.

काकांनी सोमवारी तक्रार मागे घेतली आणि ताबडतोब कुकरवाल्यांविरुद्ध नवी केली, पहिलं नाव स्वतःचं. काउन्सिलच्या बाईने फोन करून सांगितलं की डाळ शिजवण्याविरुद्ध नियम नाही. काका खट्टू झाले आणि त्यांनी स्वतःच प्रायश्चित्त काढलं. रस्त्यावरच्या सगळ्यांनी कुकर एकाच वेळी, सहाला लावायचा, सहा वाजले की काका फोन करून विचारणार, "लावायचा का?", आणि मग बिस्किटला घेऊन तळ्यापर्यंत फिरायला जाणार. पंजाब्याने राजम्याची वेळ बदलली. पितळी शिट्टी खिळ्याला लागली ती लागलीच. काका वाटेत मोठमोठ्याने मराठी भजनं म्हणत. ती ऐकून बिस्किट एकदाही ओरडला नाही, म्हणून काका त्याला चर्चमधल्या काही मंडळींपेक्षा भाविक मानत. परत आले की रेजबरोबर पायरीवर बसत. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नसे, त्यामुळे मैत्री उत्तम चालली.

मागच्या वर्षी लेकीला दूर दुसऱ्या राज्यात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि काका तिच्याबरोबर तिकडे राहायला गेले. जाताना बिस्किटची साखळी त्यांनी माझ्या हातात दिली. मला तेव्हा वाटलं, चला, आता आपण हवा तेव्हा कुकर लावायला मोकळे. दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला फोन आला. "लावायचा का?"

तो अजून येतो, रोज. पण टूवूंबात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे सहा वाजतात तेव्हा आमच्याकडे सात झालेले असतात. हे त्यांना सांगायला हवं असं आम्ही सगळेच म्हणतो. देशपांड्यांची पोरं "डॅड, आय'म स्टार्व्हिंग" म्हणून ओरडतात, पंजाबी कपाळाला हात लावतो आणि बिस्किट रेजच्या फाटकाशी माझी वाट बघत बसतो. पण सांगितलं तर काकांना वाटेल की रोज तासभर आपण सगळ्यांवर अन्याय करतो आहोत, आणि सूर्य मावळायच्या आत टूवूंबाहून इथे पोहोचणं त्यांना काही जमायचं नाही. तेव्हा आम्ही डाळ भिजवून ठेवतो आणि फोनची वाट बघतो.