सासरे, मी आणि न हलणारा माऊस

माझे सासरे ज्या वस्तूला हात लावतात ती एकतर जन्मभर चालते किंवा त्याच दिवशी प्राण सोडते. मधली अवस्था त्यांच्या हातून आजवर कुठल्याही वस्तूच्या वाट्याला आलेली नाही. बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी सारी उमर तपासणी विभागात काढली आणि सासूबाई गेल्यावर ते सर्जापूर रोडला आमच्या फ्लॅटवर राहायला आले. सोबत दोन पिशव्या कपडे होते आणि हत्यारांची एक पेटी, जी वर चढवताना माझी कंबर धरली. "बिघडलं" हा शब्द त्यांना चालत नाही. "अडलंय म्हणा, जावईबापू," असं ते मला अजूनही सुनावतात. दुरुस्तीआधी चष्मा बदलायचा, हात धुवायचे, आणि मग वस्तूला न शिवता तिच्या मालकाची उलटतपासणी घ्यायची: शेवटचं कधी चाललं? तेव्हा हात कुणाचा होता? शेजारच्या अक्का एकदा मिक्सर घेऊन आल्या. दहा मिनिटांत त्यांनी सुकी हळकुंडं दळल्याचं कबूल केलं, आणि कुणी न विचारता इस्त्री पाडल्याचंही सांगून टाकलं.

आता माझ्याविषयी. मी मूळचा पुण्याचा, सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, हल्ली काम घरूनच. माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही की घरातलं वायफाय गेलं की मी बायकोला हाक मारतो. मुग्धा माझ्यापेक्षा हुशार, हे मी लग्नातच ओळखलं होतं. पण लेकीच्या जन्मानंतर नोकरी तिने सोडली, मी नाही. सहा वर्षांनी तिला पहिल्यांदाच मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी अकरा वाजता, घरूनच, लॅपटॉपवर. समोरची माणसं बघत असताना तिला एक भलामोठा तक्ता दुरुस्त करून दाखवायचा होता. चार दिवस ती धड जेवली नव्हती. मला काहीतरी करावंसं वाटलं, आणि माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती याच वाक्यापासून सुरू झाल्या आहेत. आमच्याकडे एकाच सेलमध्ये घेतलेले दोन अगदी सारखे वायरलेस माऊस आहेत. मी सकाळी दोघांचे लॅपटॉप पुसले, त्यात खोचलेले माऊसचे ते नखाएवढे रिसीव्हर काढून फुंकर मारून साफ केले आणि पुन्हा बसवले.

अकराला तिने बेडरूमचं दार लावून घेतलं. सव्वाअकराला हॉलमध्ये माझा माऊस चालेना. शहाण्या माणसाने तासभर लॅपटॉपच्या टचपॅडवर बोटाने काम भागवलं असतं. मी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, हाक मारली.

बाबांनी हात धुतले. "शेवटचं कधी चाललं?" काल, म्हटलं. "आज कुणी हात लावला?" कुणी नाही, म्हटलं, आणि हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी सेल काढून त्याची टोकं लुंगीला घासली. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून माऊसमध्ये घातला. मग माऊस टेबलावर, कन्नड पेपरवर, पोळपाटावर आणि स्वतःच्या मांडीवर फिरवून पाहिला. पोटाशी लाल दिवा लागत होता. "जीव आहे," ते म्हणाले. "स्वल्प थांबा. आता याची लोड टेस्ट." लोड टेस्ट म्हणजे डावं बटण शंभर वेळा आणि उजवं शंभर वेळा. ते दाबत होते आणि मी, बारा माणसांचा साहेब, मोठ्याने मोजत होतो. साठच्या पुढे कुठेतरी ते थबकले. "जावईबापू, हा बोलतोय. मग ऐकतंय कोण?"

बेडरूमचं दार उघडलं. मुग्धा दारात उभी होती. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बाबा, तो माऊस खाली ठेवा," ती म्हणाली.

रिसीव्हर बसवताना मी अदलाबदल केली होती: माझ्या माऊसचा तिच्या लॅपटॉपला, तिच्या माऊसचा माझ्या. तिचा माऊस चालत नाही हे तिला सुरुवातीलाच कळलं होतं. पण बोलली तर आम्ही दोघे पेटी घेऊन आत शिरू, या भीतीने ती गप्प राहून बोटानेच काम करत होती. मग बाबांची टेबल-पोळपाट फेरी सुरू झाली तसा तिच्या पडद्यावरचा बाण थयथया नाचू लागला, आकडे पुसले गेले, तक्ता बंद झाला, आणि शेवटी चालू मुलाखतीतून तीच बाहेर फेकली गेली. दोन दिवसांनी नकाराचं फार सभ्य पत्र आलं. ती आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून बाबांनी पेटी पलंगाखाली सरकवली. नळ गळत राहिला, ते ऐकत राहिले. महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणची मुलाखत ठरली तेव्हा सकाळीच ते पायात चपला घालून उभे. "मी घरात नको. तुम्हीही नको," म्हणाले. आम्ही बस पकडून थेट होसकोटेला गेलो. कारखान्याच्या कामासाठी ते पूर्वी तिथे जायचे आणि त्यांच्या मते ते पुरेसं लांब होतं. तिथल्या एका हॉटेलात समोर कॉफी निवत होती. ते म्हणाले, "सहा वर्षं ती घरात होती. हसत डबे भरत होती. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, सगळं चालू आहे. माझी पोरगी, आणि मला कळलं नाही हो."

"मलाही नाही, बाबा," मी म्हटलं. मला फार लाज वाटली.

एकच्या सुमारास तिचा फोन आला. "घेतलं मला," ती म्हणाली, आणि मग, "बाबांना दे." बाबांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "हां... हां... सरी," एवढंच बोलले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

आता मुग्धा रोज एचएसआर लेआउटला ऑफिसात जाते, लेक शाळेत, आणि दुपारभर घरात आम्ही दोघेच. संध्याकाळी सहाच्या आसपास बाबा सोसायटीच्या गेटच्या बिजागरीला तेल घालायला खाली उतरतात. ती बिजागरी कित्येक महिने करकरलेली नाही. हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, वॉचमनलाही ठाऊक आहे. तरी मी तेलाची बाटली धरून त्यांच्याशेजारी उभा राहतो, आणि वळणावर तिची कॅब दिसली की आम्ही दोघेही घाईघाईने वाकून बिजागरी बघायला लागतो.