शहात्तर किलो

आमच्या कोल्हापुरात दवाखान्यात भेटायला येणारे आधी तब्येत विचारतात. माझ्या नवऱ्याला भेटायला येणारे आधी अस्वलाचं वजन विचारत होते.

नवरा जुना पैलवान. स्वतःची कुस्ती सुटून बरीच वर्षं झाली होती, पण रोज पहाटे तालमीत जाऊन पोरांना डाव शिकवायचा. या लोकांना समोरचा किती किलोचा हे आडनावाच्या आधी लागतं. मलकापूरच्या बाजूला आमची थोडी काजूची झाडं आहेत. उजाडताना तिथलं कुंपण बघायला गेला आणि झुडपातून अस्वल अंगावर आलं. हातातला कोयता एकदाच लागला. डावा डोळा गेला, गाल फाटला, जबडा मोडला. डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधून टाकला. त्याला बोलता येईना, म्हणून त्याच्या वतीनं बाकीचे बोलायला लागले.

"दीडशेचं तरी असंल," तालमीचे वस्ताद पहिल्या भेटीत म्हणाले. दुसऱ्या खेपेला अस्वल वाढवूनच आणलं. "दोनशेला मरण न्हाय, वैनी. त्याबिगर आमचा गडी खाली येतोय व्हय?"

"दोनशेचं असतं तर तुमचा गडी हितं दिसला असता का?"

"ते ऱ्हाऊ द्या. थंडाई आणलीया, नळीतनं जाती का बघा."

नवरा उरलेल्या डोळ्यानं छताकडं बघत होता.

वस्तादांनी ठरवलं, जत्रेच्या मैदानात सत्कार करायचा. फेटा, गदा, दोनशे किलोच्या अस्वलाशी झुंजलेला पैलवान. मग तो मानानं तालमीत परत येईल. त्या तोंडानं नुसताच आला असता तर पोरांनी नजर चुकवली असती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तालीम सुटली तर हा माणूस घरात बसून कुजणार, एवढं मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसले. दोनशे तर दोनशे.

तारा निघाल्या. तोंड बोटभर उघडायला लागलं. त्याच सुमाराला मी कुंपण नीट करून घ्यायला गावी गेले होते, तेव्हा फॉरेस्टच्या गार्डचा फोन आला. रत्नागिरी रस्त्यावर गाडीच्या धडकेत एक अस्वल मेलंय, बघून जा म्हणाला.

ते ताडपत्रीवर पडलं होतं. लांबून केवढा तरी काळा ढीग वाटला. जवळ गेले तर केस भिजून अंगाला चिकटलेले आणि आतलं अंग एवढंसं. चार पायांवर उभं असताना पाठ माझ्या मांडीपर्यंत आली असती. नखं मात्र बोटाएवढी. खांद्यावर कोयत्याचा वार, भरत आलेला. चौघांनी पाय बांधून ते फांदीला अडकवलेल्या वजनकाट्याला टांगलं. मी पिठाची गिरणी चालवते, डबा उचलला की वजन सांगते. दोऱ्या ताणल्या तेव्हाच मला अंदाज आला.

"शहात्तर," गार्ड म्हणाला. "मादी हाय. दूध हाय अजून."

"एवढीच?"

"केसानं थोराड दिसतंय, ताई. समद्यास्नी तसंच वाटतंय. तुमच्या मालकांचं वजन किती?"

"चौऱ्याण्णव."

त्यानं अस्वल खाली उतरवायला लावलं.

सत्कार होईपर्यंत मला गप्प बसता आलं असतं. पण टांगलेलं अस्वल चौघांनी बघितलं होतं. ते चहाच्या टपरीवरून कोल्हापुरात पोचणारच होतं. टोमण्यातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. घरी येऊन पाय धुतले आणि सांगितलं.

"शहात्तर भरलं. मादी होती."

"ठावं हाय," नवरा म्हणाला.

"कधीपासनं?"

"धरली तवाच. उचलली की मी तिला. पर पकडच मिळंना. कातडं हातात येतंय आन् आतलं अंग फिरतंय." तोंडातून लाळ गळत होती, ती पंच्यानं पुसली. "पिल्ली?"

"सापडली न्हाईत."

वस्तादांना बोलावून सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला, पण तोंडाला लावला नाही.

"शंभर म्हणूया की," शेवटी म्हणाले. "शंभरात कुणाचं काय जातंय? आन् मादी म्हणायचं कारणच न्हाय."

"शहात्तर म्हणणार असला तर येतो," नवरा म्हणाला.

वस्तादांनी थंड झालेला चहा संपवला आणि गेले. जत्रेच्या मैदानात दुसऱ्याच कुणाचा तरी सत्कार झाला. तालमीतून बोलावणं आलं नाही, आणि न बोलावता जाणारा हा माणूस नाही.

आता तो गिरणीत बसतो, चांगला डोळा दाराकडं करून. पहाटे जाग येते, पण उठत नाही. नवीन गिऱ्हाईक तोंड बघून दचकतं, मग विचारतंच.

"अस्वल," तो म्हणतो.

"अगं आई! केवढं होतं?"

"शहात्तर किलो."

गिऱ्हाईक माझ्याकडं बघतं, डोक्यालाही मार लागलाय का, अशा नजरेनं. शहात्तरच होतं, मी सांगते, आणि डबा काट्यावर ठेवते.