‘वर कुणी नाही’

जानेवारी २०२० मध्ये मला आयर्लंडमधल्या ॲथलोनला नोकरी लागली आणि मी गावापासून चार मैलांवर नोरीन गेरटी यांच्या घरी खोली घेतली. घरामागे बोग, म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली काळी दलदल. नोरीनबाई शहाऐंशी वर्षांच्या, लग्न न केलेल्या, एकट्या. पद्मजा हे नाव त्यांना जमेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘पॅडी’ करून टाकलं. नियम मात्र एकच सांगितला.

“पुढचं दार वाजलं तर उघडायचं नाही. ओळखीची माणसं मागून येतात.”

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सत्तरीपुढच्यांनी घरातच राहावं, असं सरकारने सांगितलं. मला वाटलं, यांना काय फरक पडणार? पण त्या आणखीच भेदरल्या. रस्त्यावर गाडी हळू झाली की हातातला कप खाली ठेवून त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत. खिडकीकडे पाठ करून कधी बसत नसत. मी विचारलं तर म्हणत, “सवय गं. वडिलांची होती.”

वर्ष असंच गेलं. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात माझे बाबा, प्रल्हादराव, कोविडने हॉस्पिटलात भरती झाले. ऑक्सिजन मिळायची मारामार. फोनच्या स्क्रीनवर आईचं नाव दिसलं तरी उचलायला हात धजायचा नाही. एका दुपारी फोन वाजून वाजून बंद झाला आणि मी तशीच त्याच्याकडे बघत बसले. नोरीनबाई समोर होत्या.

“तू फोनला जशी भितेस ना, पॅडी,” त्या म्हणाल्या, “तशी मी दाराला भिते. तू दोन आठवडे भितेयस. मी जन्मभर.”

मग त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील ल्यूक गेरटी. शेतमजुराचा मुलगा. १९२१ च्या अखेरीस इंग्रजांशी तह झाला आणि १९२२ मध्ये देश दुभंगला. तह मानणारे एकीकडे, न मानणारे दुसरीकडे. काल खांद्याला खांदा लावून लढलेले आज एकमेकांवर बंदुका रोखू लागले. विसाव्या वर्षी ल्यूक नव्या सरकारच्या सैन्यात गेला. थोरला भाऊ पीटर विरुद्ध बाजूला. आईने दोघांनाही जेवायला वाढणं सोडलं नाही, फक्त एका वेळी नाही.

फेब्रुवारी १९२३ मध्ये ल्यूकची तुकडी बोगपलीकडच्या एका गोठ्याची झडती घेत होती. ल्यूकला माळ्यावर चढवलं. गवतातून बुटाचं टोक बाहेर आलं होतं. त्यावरचं ठिगळ त्याच्या आईच्या हातचं होतं. शस्त्रासकट सापडेल त्याला गोळी, असे ते दिवस. खालून अधिकाऱ्याने विचारलं, “आहे का कुणी?”

“वर कुणी नाही,” ल्यूक म्हणाला.

चार दिवसांनी त्यांच्या लॉरीवर कुंपणाआडून गोळ्या आल्या. ल्यूकच्या शेजारी बसलेला डॅन किल्डफ जागीच गेला. डॅन त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, बोगपलीकडच्या घरातला. गोळी झाडणाऱ्यांत पीटर होता की नव्हता, ल्यूकला कधीच कळलं नाही. पीटर अमेरिकेला गेला आणि त्याचं पत्र आलं नाही.

“युद्ध संपलं, वडील रस्त्याच्या कामावर लागले,” नोरीनबाई म्हणाल्या. “आम्ही तिघी बहिणी झालो. पण कुणी दार वाजवलं की ते आम्हाला जिन्याखाली ढकलायचे. मरताना मला एकटीलाच हे सांगितलं. म्हणाले, किल्डफांना कळलंय. ते येणार.”

“आले कधी?”

“अजून नाही,” त्या म्हणाल्या.

मेमध्ये बाबा घरी परतले. त्याच आठवड्यात, दुपारी चार वाजता, पुढचं दार वाजलं. नोरीनबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. पुन्हा वाजलं. मी पडद्याआडून पाहिलं. साठीतला माणूस, तोंडावर मास्क, हातात पाकीट. मी खिडकीची फट उघडली.

“मी शेमस किल्डफ. एका फोटोबद्दल विचारायचं होतं.”

मला वाटलं, बाई आता कोसळणार. पण त्या उठल्या, भिंत धरत दारापर्यंत गेल्या आणि स्वतः कडी काढली. शेमसने पायरीवर फोटो ठेवला आणि तो मागे सरला. गणवेशातले दोन पोरगे, एकमेकांच्या गळ्यात हात.

“हा डॅन, माझ्या आजोबांचा भाऊ,” तो म्हणाला. “दुसरा कोण, ते हवं होतं.”

“माझे वडील,” नोरीनबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहूनच त्यांनी माळा, बूट, लॉरी, सगळं सांगून टाकलं. मध्ये कुठेही थांबल्या नाहीत.

“म्हणजे ल्यूक हेच सांगायला आला होता,” शेमस म्हणाला. “डॅन गेल्यावर ल्यूक आमच्या पणजीकडे, डॅनच्या आईकडे आला होता. काय बोलला, ते तिने कुणाला सांगितलं नाही. ती ओरडली होती म्हणे, बराकीत जाऊन सांगते, तुला गोळी घालतील. गेली मात्र नाही. उलट तीच धास्तावली. बंदूकवाल्या माणसाला आपण मरणाची धमकी दिली, आता तो आपलं तोंड बंद करायला येणार. आमच्या घरची पोरं या रस्त्याने कधी शाळेत गेली नाहीत. मैलभर वळसा घालून जायची.”

नोरीनबाई चौकटीला टेकल्या. “तुम्ही आम्हाला भीत होता?”

“भीत होतो.” मग त्याचा चेहरा कठीण झाला. “पण तुमच्या वडिलांनी तेव्हा खरं सांगितलं असतं तर...” तो पाठ फिरवून निघून गेला.

त्यानंतरचे तीन आठवडे वाईट गेले. नोरीनबाई जेवेनात. “सांगितलं ते चुकलं का गं?” दिवसातून दहादा विचारायच्या. तो पुन्हा येईल का, कसा येईल, याची आता मलाही धास्ती वाटू लागली होती.

जूनमध्ये फाटकाशी गाडी थांबली. शेमस उतरला. “माझी आत्या आहे गाडीत. ब्रीज, ब्याण्णवची. डॅनच्या आईने वाढवलेली. तिला तुम्हाला बघायचंय, पण उतरायला घाबरतेय.”

मी नोरीनबाईंचा हात धरला. फाटक तीस पावलांवर. त्या तीनदा थांबल्या. गाडीची काच अर्धी खाली आली. आत शालीत गुंडाळलेली इवलीशी म्हातारी, डोळे विस्फारलेले.

“तू ल्यूकची मुलगी?”

“हो.”

“मला वाटलं होतं, तू उंच असशील,” ब्रीज म्हणाली.

तिने काचेतून हात बाहेर काढला. नोरीनबाईंनी तो धरला. डॅनचा विषय कुणीच काढला नाही. मग ब्रीजने विचारलं, बोगवर तुमच्याकडे कोकिळा यंदा ऐकू आली का? नोरीनबाई म्हणाल्या, एकदाच, मेच्या सुरुवातीला.

“आम्हालाही एकदाच,” ब्रीज म्हणाली.