थोरल्या जावेची सूज

माझी थोरली जाऊ जाड व्हायला लागली तेव्हा पहिली हसले ती मी. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी स्वतःचीच बरीच टिमकी वाजवणार आहे.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची अखेर होती. पिंपरीला औषधांचा कारखाना निघून थोडीच वर्षं झाली होती. चाकणजवळच्या गावातून दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा असे कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायला आलो होतो. थोरले दीर बॉयलरवर, माझे मालक गोदामात आणि मी सातवी पास म्हणून बाटल्या तपासायच्या खात्यात. घर थोरली जाऊ बघायची. मी तिला आक्का म्हणायचे. तिची दोन मुलं तिथल्याच शाळेत जायची. सासू-सासरे मात्र गावी, शेतीवर.

गावाकडून क्वार्टरात आलेली प्रत्येक बाई वर्षभरात थोडी भरायचीच. विहिरीचं पाणी शेंदायला नको, जात्यावर दळायला नको. त्यामुळे आक्का सुटायला लागली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. "आमच्या थोरल्या बाईंना कंपनीचं पाणी मानवलंय," असं नळावर मी म्हणाले आणि बायका खो-खो हसल्या. आक्काही हसली. पण तिचं हसू जरा उशिराने आलं, हे मला तेव्हा दिसलं नाही.

ज्येष्ठात सासूबाई आल्या. सुनेला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि निकाल दिला, "बसून खाल्लं की असंच व्हतं. औंदा भुईमुगाच्या काढणीला हिला गावाकडं धाडा. राबली की उतरंल. पोरं हितंच ऱ्हाऊ द्या धाकटीपाशी."

"आन् न्हाई उतरलं तर?" मी विचारलं.

"उतरंस्तवर ऱ्हाईल तितं."

थोरल्या दिरांनी मान हलवली. आईपुढे त्यांनी आजवर दुसरं काही केलंच नव्हतं. म्हणजे आक्काला अश्विनात मुलं सोडून जायचं होतं, आणि परत कधी यायचं ते तिच्या वजनावर ठरणार होतं.

तिने मग काय केलं नाही? सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. एरवी सकाळी अर्धी भाकरी आणि रात्री ताकाची वाटी. पिंपरी कॅम्पातल्या धान्याच्या दुकानात पोती मोजायचा काटा होता. दुकानदार भला माणूस, गिऱ्हाईक नसताना तिला त्यावर उभी राहू द्यायचा. दीड महिना अर्धपोटी राहून ती काट्यावर चढली तर वजन उलट थोडं वाढलेलंच. मी बरोबर होते. परत येताना वाटेत दोनदा बसली आणि मला म्हणाली, "मी आळशीच झाले गं. आत्या म्हनत्यात त्येच खरं."

हे ऐकून मला राग आला. तिचा नव्हे, माझाच. ही बाई गावात पहाटे उठून दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर आणायची. मला माहेरपणाला पाठवून माझ्या वाटचं शेण-पाणीसुद्धा तिने काढलं होतं. आणि तिला आळशी ठरवणाऱ्यांत माझा पहिला नंबर! त्या दिवसापासून मी तिच्याकडे कामावरच्यासारखं बघायला लागले.

कामावर आमच्यापुढे एक काळी पाटी आणि एक पांढरी पाटी असायची, वर दिवा. भरलेली बाटली आधी काळ्यापुढे, मग पांढऱ्यापुढे धरून सावकाश फिरवायची. तडा, केस, कण, काय असेल ते शोधायचं. नियम एकच: संशय आला की बाटली बाजूला. काय बिघडलं ते आपण ठरवायचं नाही, आत केमिस्टला दाखवायचं. माझ्या हातून डाग असलेली बाटली सहसा सुटली नाही. आमच्या खात्यावरच्या बाई इतर मुलींना माझ्या टेबलाशी आणून उभ्या करायच्या. हे आठवलं की अजून अंगावर मूठभर मांस चढतं, आणि चढू दे!

तर आक्काला मी तशी बघितली. वैशाखात, पत्रे तापले असताना, ती सोलापुरी चादर पांघरून बसली होती आणि अंगाला घामाचा टिपूसही नव्हता, हे आठवलं. आवाज घोगरा झाला होता. आम्ही सर्दी समजत होतो, पण सहा महिने कुणाला सर्दी असते? कातडी कोरडी, टाचांना भेगा. फणीत केसांचा पुंजका, आणि भुवया कानाकडच्या बाजूने विरळ झालेल्या. सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. पोट चार-चार दिवस साफ नाही. पाळीचा त्रास वाढलेला. आमटीत मीठ विसरायची, आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायला इतका वेळ घ्यायची की मुलं तोवर खेळायला पळायची.

त्यात नागपंचमीला कासार आला. हात दाबून, चोळून, चार बोटं एकत्र मुडपून बांगडी चढवण्यात त्याचा जन्म गेलेला. आक्काच्या हाताशी तो बराच वेळ झटला, मग थांबला. मला म्हणाला, "वैनी, बाळसेदार हात म्या रोज भरतो. चरबी दाबली की सरकती. ह्यो हात सरकत न्हाई. सूज म्हनावी तर बोटाचा खड्डाबी पडत न्हाई. डाक्टरला दावा ह्यास्नी."

सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही, ते कासाराच्या बोटांना कळलं.

दुसऱ्याच दिवशी मी आक्काला कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले, "वजन ना? भात-बटाटे कमी करा. चाला."

"डॉक्टरसाहेब, ती अर्धी भाकरी खाते. आणि मी बाटल्या तपासते," मी म्हणाले. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांना कळलं नसणार. मीही घाबरले होते. पण मग पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. चादर, आवाज, टाचा, भुवया, पापण्या, पोट, पाळी, मीठ, कासार. भुवयांपाशी त्यांनी लेखणी खाली ठेवली.

त्यांनी आक्काला नाव-गाव विचारलं आणि तिचा आवाज नुसता ऐकत राहिले. नाडी मोजली. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वरच्या शिरेवर लहान हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला त्याने आळोखेपिळोखे दिल्यासारखा वेळ घेतला. डॉक्टरांनी तीन वेळा मारून बघितलं.

"आपल्या गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. सगळ्या शरीराचा वेग ती सांभाळते. यांची ती काम करेनाशी झालीय असा मला संशय आहे. पुण्याला तपासून घेऊ."

आक्काने ते ऐकलं, नेहमीसारखा वेळ घेतला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "म्हंजी आळशी ती गाठ हाय. मी न्हाई?"

"तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाले.

ती तिथेच, खुर्चीवर गुडघे टेकलेली, रडायला लागली. मीही रडले. लाजायचं काय त्यात.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात उपाशीपोटी तिचं नाक चिमट्याने बंद करून नळीतून श्वास घ्यायला लावला. शरीर किती इंधन जाळतं ते त्यावरून कळायचं. तिचं फारच थोडं जळत होतं. डॉक्टरांचा संशय खरा निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आधी अगदी कमी, मग हळूहळू वाढवत. रोज घ्यायच्या आणि जन्मभर.

अश्विनात सासूबाई तिला न्यायला आल्या. आक्काचं वजन अजून फारसं उतरलं नव्हतं. थोरले दीर बॉयलरवरून आले, हातपाय धुतले आणि आईसमोर उभे राहिले. "ती येनार न्हाई. तिला दुखनं व्हतं आन् आपुन तिला उपाशी मारत व्हतो. माजं चुकलं," एवढं बोलून ते बाहेर गेले. या माणसाचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढं मला परवडलं.

आक्काची आधी चादर सुटली. मग आवाज मोकळा झाला, चेहरा ओळखीचा दिसायला लागला. वजन सगळ्यांत शेवटी उतरलं, आणि तेही सगळं नाही. ती पूर्वीसारखी काटकुळी काही झाली नाही. मी मात्र वसाहतीत धन्वंतरी झाले. जी बाई जाड दिसेल तिच्या भुवया बघायचे! पाचजणींना दवाखान्यात धाडलं. एकीच्या अंगात रक्त कमी निघालं, बाकी चौघींचं दुखणं भज्यांचं. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, सगळ्याच जाड माणसांना हे नसतं." मी म्हणाले, "मी कुठं ठरवलं? मी नुसत्या बाजूला काढल्या." त्यावर ते हसले.

पुढच्या वर्षी भुईमुगाच्या काढणीला जायचं आक्काच्याच मनात आलं. मुलांना सुट्टी होती, आम्ही सगळेच गेलो. ती पदर खोचून ओळीला लागली, आणि दुपारपर्यंत मी दोन वेळा मागे पडले. सासूबाई बांधावर शेंगा तोडत बसल्या होत्या. बराच वेळ त्या तिच्याकडेच बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी हाक मारली, "आगं, टेक की जरा. दमली असशील."

आक्का कंबर सरळ करत उठली. कपाळावर घाम होता. तिने तो पदराने पुसला आणि पदराकडे बघितलं.

"दमले की, आत्या," ती म्हणाली. "पर आज कामानं दमले."