अक्कांची सुपारी आणि पाण्याभोवतीची फेरी

बंगळूरला राहून जंगल आणि पाणी दोन्ही एका दिवसात बघायचं असेल तर कुठे जावं, असं मला अधूनमधून कुणी तरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: मागडी रस्त्याकडच्या जलाशयाला एक पूर्ण फेरी घालावी. मात्र माझ्याकडचा नकाशा एकसष्ट सालचा आहे. तेव्हा तिथे राखीव जंगल होतं, एक पहारेकरी होता आणि जनावरांनी पाडलेली पायवाट होती. आता परवानगी लागते असं ऐकते. तेव्हा चौकशी करून जा, आणि बसच्या वेळा मला विचारू नका.

जायचं ठरवलं ते अक्कांनी. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आमच्या निपाणीकडे नणंदेला वन्स म्हणतात, पण बंगळूरच्या चिक्कपेटेतल्या माझ्या सासरच्या घरात भाडेकरूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. अडतीस वर्षांच्या, लग्न न केलेल्या, कन्नड प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इथे आले, हे त्या अशा थाटात सांगायच्या की घोडा अजून दारात बांधलेला असावा. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे आणि हातात घेतलेलं काही त्या अर्धवट सोडत नसत. स्वेटर असो, शब्दकोडं असो, नाही तर भांडण.

माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. बेळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सीचं एक वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात चांगलं स्थळ आलं. उरलेली दोन वर्षं मला बंगळूरला पुरी करायची होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "माझी ना नाही, पण अक्काला विचार." अक्कांना विचारायचं म्हणून मी आठ महिने रोज सकाळी धीर गोळा करायची आणि दुपारपर्यंत तो संपवून टाकायची.

संक्रांत झाल्यानंतरच्या एका शनिवारी अक्का म्हणाल्या, "उद्या मला त्या पाण्याला प्रदक्षिणा घालायचीय. येणार?"

मला वाटलं, एखाद्या देवळाचं नाव असेल. पण नाही, आमच्या नळाला पाणी पुरवणारा तो जलाशय. त्या दहा वर्षांच्या असताना त्यांच्या गल्लीत नळाला भरपूर पाणी आलं. त्याआधी घरचं सगळं पाणी विहिरीवरून आणायचं काम या मोठ्या मुलीकडे होतं, आणि त्यापायी त्यांचं नाव शाळेतून काढायचं ठरलंही होतं. "नळ आला आणि माझी शाळा वाचली," त्या म्हणाल्या. "अट्ठावीस वर्षं पाणी पितेय. एकदा तरी जाऊन फेरी घालायला नको?"

नवऱ्याला सोबत बोलावलं तर त्याने हात जोडले. "तुम्हा दोघींच्या मध्ये मला चालायला लावू नका," म्हणाला आणि पुन्हा पांघरूण ओढून झोपला. एवढा सुज्ञपणा त्याने एरवी फारसा कधी दाखवला नाही.

कलासिपाळ्याच्या स्टँडवरून पहाटे सहाची बस पकडली. दोघींचं भाडं मिळून दीड रुपयाच्या आत होतं. थंडी कडाक्याची, आणि बसच्या खिडक्यांना काचा होत्या असं म्हणायला फारसा आधार नव्हता. तावरेकेरेला बस थांबली तेव्हा समोरच्या लहानशा हॉटेलात इडली आणि पितळी वाटीतली कॉफी घेतली. ती कॉफी इतकी चांगली होती की तेवढ्यासाठी पुन्हा त्या रस्त्याने जावं. पुढे फाट्यावर उतरून दीड मैल चाललो. दोन्ही बाजूंना नाचणीची कापलेली शेतं होती आणि अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा तो चिकट वास, जो जानेवारीत सगळ्या बंगळूरच्या हाताला येतो.

धरणाच्या भिंतीपाशी पहारेकऱ्याची खोली होती. पहारेकऱ्याचं नाव सिद्दप्पा, सायकल पुसत बसला होता. फेरी आठ मैलांची आहे असं त्याने सांगितलं. मग कन्नडमध्ये म्हणाला, "आधी भिंतीवरून पलीकडे जा अम्मा, आणि तिकडून वळसा घालून या. पलीकडे एक ओढा मिळतो, तो सकाळीच ओलांडा. मध्यान्ह आने बरतवे."

दुपारी तिथे हत्ती येतात. इतकं स्पष्ट सांगितलं त्याने. पण त्याच्या रस्त्याने गेलं तर पाणी आमच्या डाव्या हाताला येणार होतं.

"प्रदक्षिणेत देव उजवीकडे हवा," अक्का म्हणाल्या.

"हा देव नाहीये अक्का, धरण आहे."

"पितेस ना याचं पाणी? मग उजवीकडे."

सिद्दप्पाने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं, आणि आम्ही उलट्या बाजूने निघालो. म्हणजे सुलट्या.

पहिले तीन मैल मी माझ्याच धुंदीत होते. लग्नानंतर पहिल्यांदा इतकी झाडं एकदम भेटत होती. पळसाला कळ्या धरल्या होत्या, आवळे लगडले होते, बांबूच्या बेटांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली येत होतं. मी दर दहा पावलांना थांबून पानं उलटी करून बघत होते. अक्का पुढे जाऊन थांबायच्या, "स्वल्प लवकर गं," म्हणायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या. एका झाडापाशी मात्र त्या स्वतःच थांबल्या. "हे कुठलं?" मी म्हटलं, चंदन. त्यांनी पान हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. पानाला वास नसतो, वास आतल्या लाकडाला असतो, हे मी सांगू लागले तशा त्या पदर सावरून शाळेतल्या पोरीसारख्या ऐकत उभ्या राहिल्या. मला फार बरं वाटलं.

वरच्या टोकाला नदी जलाशयाला मिळते. तिथे पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे जाऊन सावलीत डबा उघडला: चपात्या, अवरेच्या दाण्यांची उसळ, दहीभात, लिंबाचं लोणचं. समोर पाणी इतकं स्वच्छ आणि शांत होतं की मोठ्याने बोलायला संकोच वाटावा. खाऊन झाल्यावर मी डोळे मिटले आणि आठ महिन्यांचं सगळं एका दमात बोलून टाकलं. राहिलेली दोन वर्षं, कॉलेज, प्रवेश जूनमध्ये, सकाळचा स्वयंपाक करून जाईन, काही कमी पडू देणार नाही.

अक्का डबा धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी फेरी पूर्ण करू. मग बोलू."

आता मला त्या फेरीखेरीज काही दिसेना. पानंबिनं सोडून मी पुढे चालू लागले. उरले होते चार मैल. मग तीन. अडीच वाजता समोर दोन मैलांवर धरणाची भिंत दिसली आणि तिच्या टोकाशी सिद्दप्पाची खोली, काडेपेटीएवढी. फक्त तो ओढा मध्ये होता, आणि ओढ्यात हत्ती.

सात होते. दोन पिल्लं. एक मोठी मादी सोंडेने अंगावर पाणी घेत होती, बाकीचे गुडघाभर पाण्यात उभे होते, कुणालाच कसलीही घाई नव्हती. आजही डोळे मिटले की मला ते दिसतात. पण त्या वेळी मला सौंदर्य वगैरे काही दिसलं नाही. माझं शास्त्र वनस्पतींपुरतं होतं. मी एका जांभळाच्या झाडामागे सरळ खाली बसले.

"जातील," अक्का कुजबुजल्या. "थांबू."

अर्धा तास थांबलो. ते गेले नाहीत. उलट दोन हत्ती ओढ्यातून बाहेर येऊन आमच्या बाजूच्या काठावर चरू लागले. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "अक्का, माझ्याने नाही होणार. परत जाऊ या." आणि म्हणताच कळलं की मी काय केलंय. फेरी मोडली होती, मीच मोडली होती, आणि "मग बोलू" मधलं ते बोलणंही तिच्याबरोबर गेलं.

अक्कांनी एकदा भिंतीकडे बघितलं. दोन मैल. अट्ठावीस वर्षांत पहिल्यांदा फेरी पुरी व्हायच्या इतक्या जवळ. मग माझ्याकडे बघितलं. कमरेचा बटवा सोडला, त्यातून एक सुपारी काढली आणि जांभळाच्या बुंध्याशी ठेवून तिच्यावर एक चपटा दगड टेकवला.

"पूजेला बायको हजर नसली तर तिच्या जागी काय ठेवतात?"

"सुपारी," मी डोळे पुसत म्हटलं.

"मग ही मी. मी इथं उभी आहे. फेरी थांबलीय, मोडली नाही."

"आणि परत जाणार ती कोण?"

"ती तुझी सोबत. ऊठ."

सहा मैल आम्ही आल्या वाटेने परत चाललो, चाललो कसल्या, पळालोच. बस साडेपाचला फाट्यावरून जायची आणि ती शेवटची होती. नदीत माझी एक चप्पल वाहून गेली. अक्कांनी आपला रुमाल फाडून माझ्या पायाला बांधला. सिद्दप्पाच्या खोलीशी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आमचे चेहरे बघून त्याने "मी सांगितलं होतं की नाही?" असं म्हटलं नाही. सायकलवर टांग मारली आणि बस थांबवायला पुढे गेला. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा बस उभी होती, कंडक्टर चिडलेला होता, आणि सिद्दप्पा सायकल रस्त्यात आडवी लावून शांतपणे विडी ओढत होता. त्या माणसाचे आभार मानायला त्या दिवशी माझ्यात श्वास उरला नव्हता. आज मानते.

बसमध्ये अक्का काही बोलल्या नाहीत. घरीही नाही. मी सगळी आशा सोडून झोपले.

सकाळी नळावर घागर भरत होते तर मागून आवाज आला, "आज शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. तुझी बेळगावची सर्टिफिकेटं काढून ठेव. कॉलेजात जाऊन चौकशी करून येऊ."

मी घागर खाली ठेवली. "पण अक्का, फेरी पूर्ण झाल्यावर बोलायचं होतं ना?"

"बोलणं तेव्हाच. मी कुठं बोलतेय? सर्टिफिकेटं काढ म्हणतेय."

त्या जूनपासून दोन वर्षं माझा सकाळचा अर्धा स्वयंपाक अक्कांनी केला. शाळेत जायच्या आधी. कधी मी कंटाळून पुस्तक मिटलं तर एवढंच म्हणायच्या, "कुणीतरी तिथं उन्हात उभं आहे हां." मी पुस्तक पुन्हा उघडायची.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात निकाल लागला. पास झाल्याचं मी दारातूनच ओरडून सांगितलं. अक्का ओट्यापाशी होत्या. त्यांनी हात पुसले, खाली बसल्या आणि गुडघे चोळायला लागल्या.

"उद्या रविवार. डबा कर," म्हणाल्या. "दोन वर्षं तिथं उभं राहून माझे पाय भरून आलेत."

या वेळी भिंतीवरून पलीकडे गेलो, सिद्दप्पाने सांगितलेल्या रस्त्याने, सकाळी. पाणी डाव्या हाताला होतं, पण ते जाणं मोजायचं नाही असं अक्कांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पाणी खूप खाली गेलेलं, काठावर भेगाळलेला चिखल, ओढा कोरडा, हत्तींच्या पावलांचे नुसते वाळलेले खड्डे. जांभळाचं झाड होतं. खाली जांभळांचा सडा पडला होता. चपटा दगड होता. दगडाखाली सुपारी नव्हती.

मला उगाचच वाईट वाटलं. अक्कांना नाही. "असेल कशी? मीच आलेय ना," म्हणाल्या. त्या बरोबर त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर घेतला, आणि उजवा पाय पुढे टाकला. पुढचे दोन मैल, पाणी उजवीकडे ठेवून, मी त्यांच्या मागून चालले. त्या एकदाही थांबल्या नाहीत. खोलीशी पोचल्यावर त्यांनी वळून पाण्याला हात जोडले. सिद्दप्पाने दोघींना ताक दिलं. आम्ही त्याच्यासाठी घरून पुरणपोळ्या नेल्या होत्या.

तुम्ही गेलात तर काय घेऊन जावं, हे सांगायला हवं. टोपी, भरपूर पाणी, नदीत वाहून जाणार नाहीत अशा चपला. पहारेकरी जे सांगेल ते ऐका. आणि सोबत नीट निवडा, बाकी सगळं चालून जातं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. अक्का उंबऱ्यातच टेकल्या, पाय लांब केले, आणि मला समोर बसायला सांगितलं. चेहरा अगदी गंभीर होता, वर्गातल्यासारखा.

"फेरी पूर्ण झाली," त्या म्हणाल्या. "तुला मला काहीतरी विचारायचं होतं ना? आता बोल."

मी उठले, नळ सोडला, आणि त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं.