नागवेलीच्या गळ्यात मफलर

नाशिकच्या थंडीनं आज नागवेलीचं एक पान पिवळं पाडलं आणि माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. ही वेल लेकीची. नोकरीसाठी दिल्लीला जाताना "बाबा, हिला जगवा," एवढंच सांगून गेली. मी तडक कुंडी उचलून पूर्वेच्या खिडकीत नेली. ऊन सरकलं तशी दक्षिणेच्या. वारा सुटला म्हणून पुन्हा आत, आणि वर माझा मफलर तिच्या गळ्यात! कोमट पाणीही तिसऱ्यांदा पाजलं.

बायको मटार सोलत हे नाटक बघत होती.

"अहो, बाळंतीण आहे का ती, शेक-शेगडी करायला? थंडीत झाडं पेंगतात. माती सुकेपर्यंत पाणी नको, आणि एका जागी बसू द्या तिला."

"मग मी काय करू?"

"तुम्हीही बसा."

बसलो. पण बसणं किती अवघड! काळजी वाटली की हात काहीतरी उचलायला, पांघरायला, भरवायला धावतात. त्या मायेनं समोरचा जीव गुदमरतो, हे हातांना कुठं कळतं? "स्वेटर घातलास का?" असं विचारायला सकाळपासून लेकीला चार फोन झाले होते. पाचव्यांदा फोन हातात घेतला, वेलीकडे बघितलं आणि मुकाट्यानं खाली ठेवला.

संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाज घाबरलेला.

"बाबा, बरे आहात ना? दुपारपासून एकही फोन नाही!"