म्हशीवालीच्या मागची जागा

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी पाटोद्याजवळ माहेरी होते. गावच्या दूध सोसायटीत नवा कॉम्प्युटर आला होता, पण फॅट मोजणारं जुनं मशीन त्याच्याशी बोलायला तयार नव्हतं. मशीनची कंपनी केव्हाच बुडालेली, तेव्हा दोघांना जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे नवा ड्रायव्हर, कोण देणार? सोसायटीचे सचिव म्हणाले, "तू शहरात हेच करतीस ना पोरी? मग बस." बसले.

जुना कॉम्प्युटर अजून धापा टाकत चालायचा. तो आणि मशीन केबलमधून एकमेकांना काय सांगतात, ते मी ऐकत राहिले. बाहेर धूळ उडायची, पंखा कुरकुरायचा, दुधाचा आंबूस वास यायचा आणि पडद्यावरून अंक सावकाश खाली सरकायचे. बघता बघता डोळा लागे, आणि झोपेतही ते सरकतच असत. गावात प्यायला पाणी नसताना असं म्हणणं बरं दिसत नाही, पण मला ते दिवस फार आवडले.

त्या ऐकण्यातूनच कळलं, की दर नमुन्यानंतर जुना प्रोग्रॅम मशीनला शेजारी ठेवलेल्या वाटीतलं पाणी ओढून नळी धुवायला लावतो. नव्या ड्रायव्हरमध्ये मी तेही लिहिलं. सचिवांनी हात जोडले.

"टँकर दिवसाआड येतोय. ते धुणं तेवढं काढ बाई."

"आधीचं दूध नळीत राहील, आकडा चुकेल."

"चुकू दे थोडा."

मी प्रोग्रॅममधली धुण्याची ओळ बंद केली.

आकडा चुकू लागला. म्हशीच्या दुधामागून मोजलेलं दूध घट्ट भरतं, हे रांगेतल्या बायकांना चार दिवसांत उमगलं. आमच्या शेजारच्या मावशीची एकच गाय, तीही वाळक्या कडब्यावर. फॅट ठरलेल्या हद्दीखाली गेली की सोसायटी दूध परत करायची, आणि मावशीचं घर त्या दुधावरच चालायचं. कुणी काही ठरवलं नाही, पण दोन म्हशी असलेल्या काकूंच्या मागची जागा रोज मावशीला मिळू लागली. दूध रोज पास. मावशीला वाटे, आपली गायच गुणाची, आणि तसं ती गावभर सांगेही.

शेवटी एकीला राहवलं नाही. "म्हशीच्या मागं उभं राहिलं की कुनाची बी गाय गुणाची."

दुसऱ्या सकाळी मावशी सगळ्यांच्या आधी आली. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्यात घरच्या पाण्याचा तांब्या.

"आधी मशीन धुवून घे. माझ्या गायीचं खरं काय ते दिसू दे."

"कशाला उगं, मावशी?" मी म्हटलं. "पाणी लई महाग झालंय."

"धू म्हनले ना."

मी ती ओळ सुरू केली. मशीननं तिचं पाणी घटाघटा ओढलं, मग तिचं दूध. एव्हाना काकूंसकट सगळी रांग येऊन पडद्याकडे बघत होती. आकडा हद्दीच्या खाली आला. मला तो वाचून दाखवायचं धाडस होईना, आणि त्या नव्या कॉम्प्युटरचा, माझ्या कामाचा, सगळ्याचाच राग आला.

"सांग की."

सांगितला.

मावशीनं किटली उचलली. ती घरी निघाली असं मला वाटलं, पण ती काकूंपाशी जाऊन थांबली.

"तुमचं मोजून होऊ द्या. मी हाय मागं."

काकूंनी आपली किटली पुढं सरकवली. मी ती ओळ पुन्हा बंद केली.